कन्सेंट : संमती, परवानगी, होकार की आणखी काही?

उंबरठा

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी पुण्यात वैद्यकीय कागदपत्रांचं भाषांतर करते. औषधांच्या चाचण्या, तपासण्या, शस्त्रक्रिया यांचे फॉर्म इंग्रजीतून मराठीत आणायचे. जवळजवळ प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एकच शब्द असतो, कन्सेंट. पहिल्या दिवसापासून मी तिथं 'संमती' लिहीत आले. आता लिहिताना हात अडतो, म्हणून हा धागा काढतेय.

झालं असं. मागच्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. आई एकाहत्तर वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आदल्या संध्याकाळी एक सिस्टर पॅडला लावलेले कागद घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "पेशंटचे नातेवाईक कोण?" मी हात वर केला. कागद माझ्या हातात आले. सही करायच्या जागी पेन्सिलीनं आधीच फुल्या मारलेल्या होत्या. आईचा चष्मा पर्समध्ये, पर्स कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. दोन सह्या करूनही झाल्या माझ्या. तिसऱ्या फुलीवर पेन टेकवलं तेव्हा आईनं विचारलं, "काय लिहिलंय गं त्यात?"

"काही नाही, ऑपरेशनची संमती आहे."

"संमती? मला कुठं कुणी विचारलं?"

हाच कागद दुसऱ्या कुणासाठी मी स्वतः भाषांतरित केला असता, इतका ओळखीचा मजकूर होता तो. तरी माझ्या डोक्यात आलं नाही की 'मी' या शब्दानं सुरू होणाऱ्या वाक्याखाली दुसऱ्याच माणसाची सही पडतेय.

आईनं चष्मा मागवला. वीसेक मिनिटं कागद वाचले, एका ओळीवर नख ठेवलं. "दुर्बिणीनं जमलं नाही तर पोट उघडून करतील, असं आहे इथं. हे मला कुणी बोललं नाही." सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. ते खुर्ची ओढून बसले, कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून सगळं नीट सांगितलं. शेवटी म्हणाले, "चालेल ना, आजी?" आई म्हणाली, "हो. आता कळलं. करा." आणि तिनं पूर्ण नावानं सही केली.

त्या दहा मिनिटांत दोघांपैकी कुणीही 'संमती' म्हणालं नाही, 'परवानगी'ही नाही. आणि खरी कन्सेंट म्हणतात ती तर तेव्हाच झाली.

माझ्या वहीत आत्तापर्यंत जमलेले शब्द असे: संमती, सहमती, अनुमती, परवानगी, होकार, रुकार, मान्यता, मंजुरी, कबुली, आणि 'राजी असणं'. तुमच्या घरात, कामात यातलं काय बोलतात? नेमका कुठला शब्द कुठं बसतो?

तळटीप

उत्तम विषय. आधी मुळाकडे जाऊ. इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला. 'कॉन' म्हणजे सोबत आणि 'सेंतिरे' म्हणजे वाटणं, जाणवणं. आपला संमती 'सम्' आणि 'मन्' या धातूपासून. मन् म्हणजे विचार करणं, मानणं. तिकडे दोघांना एकसारखं जाणवावं लागतं, इकडे दोघांची मती एका जागी यावी लागते. म्हणजे शब्दात खोट नाही. तुमच्या आईंनी जो अर्थ मागितला तो त्या शब्दात पहिल्यापासून आहे, तो आपण वापरून वापरून झिजवला.

बाकीच्यांचं थोडक्यात. अनुमती म्हणजे मागाहून आलेली मती. ठरवलं दुसऱ्यानं, हा मागून हो म्हणतो. परवानगी फारसीतल्या परवान्यातून आली, परवाना म्हणजे लेखी हुकूम, त्यामुळे तिच्यात वरचा आणि खालचा असे दोन जिने आपोआप येतात. मंजूर अरबीतून, मूळ अर्थ 'पाहिलेलं', साहेबाच्या नजरेखालून गेलेलं. सहमती दोघांच्या मतांची, बरोबरीच्या माणसांची. ती बैठकीत होते, खाटेवर पडलेल्या माणसाकडून घेता येत नाही.

एक लेखनाचा मुद्दा. सुटा शब्द 'संमती' दीर्घ, पण 'संमतिपत्र', 'संमतिवय' यांत ति ऱ्हस्व. तत्सम शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. छापील फॉर्मवर हे सर्रास चुकतं, तुम्ही करता त्यात तरी बरोबर असू द्या.

पाणवठा

वाचतेय. वाचनखूण साठवली.

वॉर्डातली

मी सिस्टर आहे, तेवीस वर्षं झाली नोकरीला. उंबरठा, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ गप्प बसले होते. त्या पेन्सिलीच्या फुल्या मीही मारल्यात.

आमच्याकडे वाक्य असं असतं: "चौदा नंबरची कन्सेंट घेतली का?" किंवा "कन्सेंट फाईलला लाव." म्हणजे आमच्या बोलण्यात कन्सेंट हा कागदच आहे. तो हातात धरता येतो, हरवतो, सकाळी ऑपरेशन थिएटरात पेशंट नेताना सापडत नाही. डॉक्टरांनी समजावून सांगायचं आणि आम्ही सही झाली का बघायचं, अशी खरी वाटणी. पण रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सकाळी सातला पहिली केस असते, आणि समजावून सांगणं राहून गेलेलं असतं. मग पॅड घेऊन जाते ती सिस्टरच.

पेशंट काय म्हणतात ते सांगते, तुम्हाला शब्द हवेत म्हणून. पुरुष म्हणतात, "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर." म्हातारी माणसं म्हणतात, "मुलाला विचारा." बायका बहुतेक वेळा म्हणतात, "यांना विचारून सांगते." गर्भपाताच्या बाबतीत १९७१च्या कायद्यानं सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. हे मी कितीजणींना सांगितलं असेल. सांगून झाल्यावरही ती दाराकडे बघते.

आता मी एक करते. सही घ्यायच्या आधी विचारते, "उद्या तुमचं काय करणार आहेत, मला सांगा बरं." ज्याला सांगता येतं त्याची सही घेते. नाही आलं तर डॉक्टरांना फोन करते, मग ओरडा बसला तरी चालेल.

कलम_तेरा

वॉर्डातली, तुम्ही जे करता त्याला कायद्याचा भक्कम आधार आहे.

मी वकिली करतो, शिवाजीनगर कोर्टात. माझ्या दृष्टीनं कन्सेंटची सर्वांत सुंदर व्याख्या १८७२च्या भारतीय करार कायद्यात आहे, कलम १३. दोन किंवा अधिक माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं कबूल होतात तेव्हा ती संमती. 'एकाच अर्थानं' हे दोन शब्द मी कनिष्ठांना पाठ करायला लावतो. कलम १४ पुढं जाऊन सांगतं की जबरदस्ती, दबाव, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक यांतून आलेली संमती मुक्त नव्हे.

दवाखान्याच्या बाबतीत २००८चा सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटला वाचाच. एका बाईंनी दुर्बिणीतून फक्त तपासणीसाठी संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. न्यायालयानं म्हटलं की तपासणीची संमती उपचाराला लागू होत नाही, आणि रुग्ण सज्ञान असेल, शुद्धीवर येण्याइतका वेळ थांबता येत असेल, तर तिच्या वतीनं आईची संमती चालत नाही. जिवावर बेतलं असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. उंबरठा, तुमच्या त्या दोन सह्यांचं वजन यावरून लक्षात येईल.

आणि 'मौनं संमतिलक्षणम्' हे आपण लग्नाच्या बोलणीत वर्षानुवर्षं ऐकलंय, त्याबद्दलही. २०१३च्या दुरुस्तीनं बलात्काराच्या कलमात संमतीचा अर्थ स्पष्ट लिहिला गेला. शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य रीतीनं स्वेच्छेनं आणि निःसंदिग्धपणे कळवलेली तयारी म्हणजे संमती. अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. नव्या न्याय संहितेतही हे कायम आहे. कायद्यानं मौनाचा तो अर्थ काढून टाकला, याचं मला फार मोल वाटतं.

मधलीसुट्टी

कलम_तेरा यांना अनुमोदन.

पर्वतीपायथा

शब्दांच्या यादीत एक भर. राजीनामा!

आजोबांची सासवडकडची जमीन होती. त्यांच्या ट्रंकेत जुन्या महसुली कागदांची चळत सापडली, त्यात 'राजीनामा' आणि 'कबुलायत' अशी जोडी होती. पहिल्यांदा वाटलं, आजोबांनी नोकरी कुठली सोडली? मग एका जाणत्या तलाठ्यांनी समजावलं. जमिनीवरचा हक्क सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा, नवा घेणारा कबुलायत. राजी म्हणजे खूश, कबूल असलेला. नामा म्हणजे लेख. मी राजी आहे असं लिहून देण्याचा कागद.

म्हणजे मराठीत कन्सेंटसाठी एक अस्सल रुळलेला शब्द होता. पण राजी होऊन लिहायचं ते सोडून देण्यासाठीच, असं इतक्या वेळा झालं असणार की शेवटी त्याचा अर्थच पद सोडणं असा उरला. मागच्या पिढ्यांतल्या किती जणांनी तो कागद खरंच राजी होऊन लिहिला असेल, हा विचार मनातून जात नाही.

जुनीवही

पुण्यात बसून या शब्दावर बोलतोय आणि १८९१ अजून आलं नाही!

'संमतिवय' हा शब्द मराठीत गाजला तो त्या वर्षी. १८६०च्या दंड संहितेत मुलीचं संमतिवय दहा वर्षं होतं. मार्च १८९१मध्ये कायदा होऊन ते बारा झालं, विवाहित मुलींनाही लागू. त्याआधी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीत मेली होती. पुण्यात या बिलावरून केवढं वादळ झालं. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, अशी टिळकांची 'केसरी'तून भूमिका. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूनं. रा. गो. भांडारकरांनी तर धर्मशास्त्राचेच आधार काढून दाखवले की शास्त्र आड येत नाही.

त्या वेळचं जेवढं माझ्या वाचनात आलं, त्यात एक गोष्ट मला सलत राहिली. शब्द 'संमती'चा, भांडण दहा की बारा याचं, आणि बोलणारे बहुतेक सगळे पुरुष. त्या मुलीला काय वाटतं हा प्रश्न जवळजवळ कुठंच नाही. तिथं संमती म्हणजे एक आकडा. तो ओलांडला की विचारायचं कारण संपलं.

आणि तरी तोच प्रश्न एका मुलीनं त्याआधी स्वतः विचारून ठेवला होता. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. नवऱ्यानं १८८४मध्ये नांदायला येण्यासाठी मुंबईत दावा लावला. कळत्या वयात माझी संमती घेतलीच नव्हती, असं तिचं म्हणणं. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिनं तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८मध्ये पैशांवर तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरतेत, राजकोटात बायकांवर उपचार करत राहिली. कन्सेंटचं मराठी मला कुणी विचारलं तर मी आधी हे नाव सांगेन.

कोपऱ्यातलं_घर

जुनीवही, अंगावर काटा आला. रखमाबाईंचं हे लेकीला वाचून दाखवलं.

माझं साधं उदाहरण. कोथरूडला आमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं चाललंय. २०१९च्या शासन निर्णयानंतर एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, म्हणून कमिटी दारोदार संमतिपत्रं घेऊन फिरतेय. शेजारच्या काकू एकट्या राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "चालेल." कमिटीनं लगेच रकाना भरला.

चार दिवसांनी त्या माझ्याकडे येऊन रडल्या. त्यांना वाटलं होतं, सगळे निघाले तर माझ्यामुळे अडायला नको. म्हणजे त्यांची हरकत नव्हती, पण संमतीही नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ना? आपण 'ना हरकत' म्हणतो तेव्हा माणूस बाजूला सरकून वाट देतो. संमती देतो तेव्हा सोबत चालतो. 'चालेल' या शब्दात दोन्ही मावतं, म्हणून पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. मी कमिटीला म्हटलं, काकूंचा कागद परत द्या, भाड्याचं, तात्पुरत्या जागेचं, सामान हलवण्याचं सगळं त्यांच्याशी बसून बोला. दिला त्यांनी परत. आता काकू स्वतः बैठकीला येतात, वहीत प्रश्न लिहून आणतात.

सरळरेष

माझं मत वेगळं आहे. कन्सेंटच ठेवा की. टेबल, स्टेशन, ऑपरेशन आपण मराठी करून घेतलेच. माझ्या ऑफिसात, हिंजवडीला, सगळे कन्सेंट म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून तर रोजचा शब्द झालाय. संमती म्हटलं की उलट लोकांना सरकारी वाटतं.

उंबरठा

सरळरेष, बोलण्यात कन्सेंट रुळला तर मला आनंदच आहे. पण माझे कागद वेल्ह्याच्या, मुळशीच्या आजींच्या हातात जातात. त्यांना कन्सेंट हा शब्द वॉर्डातली यांनी सांगितला त्याच अर्थानं माहीत असतो, 'सही करायचा कागद'. सही न करण्याची मुभाही त्याच शब्दात आहे, हे त्यातून त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

सायसाखर

इथं मला राहवत नाही. लेक सोळा वर्षांची. तिचा झोपलेला फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ती म्हणाली, "आई, माझी कन्सेंट नव्हती." मी म्हटलं, "आईला कसली गं कन्सेंट लागते?" त्यावर तिनं सरळ मराठीत सांगितलं, "मला विचारलं नाहीस."

इंग्रजी शब्द मी परतवून लावला होता. मराठी वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो काढून टाकला.

आणि उंबरठा, तुमच्या आईही नेमकं हेच म्हणाल्या होत्या ना? "मला कुठं कुणी विचारलं?"

तळटीप

सायसाखर, तुम्ही नेमकी जागा दाखवलीत. विचारणं! मराठीत प्रश्न करण्याला आपण 'विचारणं' म्हणतो, आणि 'विचार' म्हणजे चिंतन. दुसऱ्याला विचारायचं म्हणजे त्याला विचार करायला जागा द्यायची. आणि संमतीतल्या मन् धातूचा अर्थही विचार करणंच. दोन्ही शब्द एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

वाक्यरचनाही पाहा. संमती 'दिली', 'घेतली' जाते, वस्तूसारखी. विचारताना मात्र कुणीतरी कुणालातरी विचारावंच लागतं, दोन माणसं समोरासमोर येतात. मराठी माणूस संमती नव्हती अशी तक्रार क्वचित करतो. विचारलं नाही, अशी तक्रार तो रोज करतो. घरातल्या सुनेपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत. जवाबदारी विचारणाऱ्यावर ठेवणारा हा शब्द आपल्याकडे असताना आपण नाम शोधत बसलो होतो.

वॉर्डातली

खरंय. "कन्सेंट घेतली का?" ऐवजी "पेशंटला विचारलं का?" असं मला एकदा जरी कुणी म्हटलं असतं ना, तर मी पॅड घेऊन नातेवाइकाकडे गेलेच नसते.

उंबरठा

दोन दिवस इकडे आले नाही, कारण सायसाखर आणि तळटीप यांच्या प्रतिसादांनंतर हातातला मसुदा मी पहिल्यापासून लिहायला घेतला.

आमच्याकडे पद्धत अशी. मराठी भाषांतर झालं की दुसरा भाषांतरकार, मूळ न बघता, ते परत इंग्रजीत नेतो. दोन्ही इंग्रजी ताडून पाहतात, मग नीतिमत्ता समिती मंजुरी देते. माझी जुनी ओळ होती, "मी या अभ्यासात सहभागी होण्यास स्वेच्छेने संमती देत आहे." ती दर वेळी अगदी शब्दाला शब्द परत जायची. दोन्ही इंग्रजी जुळायची, समिती खूश, मीही खूश. ती ओळ वाचणाऱ्या बाईला काय कळलं, हे मात्र त्या ताडून पाहण्यात कुठंच येत नाही.

१९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम म्हणतं की प्रयोगात माणसाची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत जे केलं त्यावरच्या खटल्यातून ते वाक्य आलं. म्हणून शीर्षकात 'संमतिपत्र' राहील, ति ऱ्हस्व. तो शब्द मी सोडणार नाही. पण त्याखालचा पहिला परिच्छेद आता असा आहे:

"हा कागद तुम्हाला विचारण्यासाठी आहे. यात काय करणार, त्याचा फायदा काय, धोका काय, हे आधी तुम्हाला सांगितलं जाईल. ते कळेपर्यंत तुम्ही कितीही प्रश्न विचारू शकता. मग हो म्हणायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. घरी बोलून ठरवायचं असेल तर वेळ घ्या. आज हो म्हणालात आणि उद्या नको वाटलं, तर तसं सांगा. तुमच्या नेहमीच्या उपचारात त्यानं काहीही फरक पडणार नाही."

मुलांचा कागद वेगळा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाला तोंडी विचारायचं, त्यापुढं अठरापर्यंत लेखी, आणि आईवडिलांची संमती वेगळी घ्यायची. तिथं मी आजवर 'अनुमती' लिहीत होते. आठ वर्षांच्या मुलाला अनुमती! आता फक्त लिहिलंय, "तुला चालेल का? नको असेल तर नको म्हण, कुणी रागावणार नाही."

वॉर्डातली, समितीकडे पाठवण्याआधी तुम्ही एकदा कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवाल का? पेशंट नको, घरातलंच कुणीतरी. माझ्या आईनं वाचलं, पण ती शिक्षिका, तिला सगळंच कळतं.

वॉर्डातली

सासूबाईंना वाचून दाखवलं. चौथीपर्यंत शिकल्यात, वय अठ्ठ्याहत्तर. ओट्याशी मेथी निवडत ऐकत होत्या. धोका, फायदा यांवर काही बोलल्या नाहीत. शेवटच्या दोन ओळींवर हात थांबला. म्हणाल्या, "परत वाच." वाचलं. "म्हणजे नको म्हटलं तरी औषध बंद करणार नाहीत?" नाही करणार, म्हटलं. "खरंच ना?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायला पाहिजे. हे कळल्याशिवाय पुढचं कोण ऐकतंय."

उंबरठा, ते वाक्य वर घ्या.

उंबरठा

घेतलं. आता पहिली ओळ तीच आहे. सासूबाईंना नमस्कार सांगा.